बर्फ पाहावयाचा, पण कुठला?

आमच्या घरी बर्फ नित्य येतो. होडी किनाऱ्याला लागावयाच्या सुमारास कारखान्यातील लादी टेम्पोतून येते. ती गोणपाटात गुंडाळावयाची, लाकडी दांडक्याने फोडावयाची आणि तो चुरा पाटीतील बोंबील-पापलेटांवर पसरावयाचा, हे काम मी सातवीपासून करीत आले आहे. त्यामुळे बर्फ म्हटला की माझ्या नाकाला मासळीचा वास येतो. या वर्षी भूगोलाच्या तासाला 'हिमनदी' शिकविताना सरांनी फळ्यावर आल्प्स पर्वताचा छेद काढला आणि आकाशातून पडणारा बर्फ कापसासारखा हलका असतो असे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून मी नकळत पुटपुटले, "मग तो मासळीला काय कामाचा?" वर्ग हसला. सरही हसले. पण लगेच गंभीर होऊन त्यांनी विचारले, "पडलेला बर्फ डोळ्यांनी पाहिलेले किती जण आहेत?"

एकही हात वर झाला नाही.

त्या तासानंतर कँटीनमध्ये जी चर्चा सुरू झाली, तिच्यातून हा लेख जन्मला. स्वित्झर्लंड आपण सर्वांनी पाहिलेले आहे, अर्थात पडद्यावर. नायिका शिफॉनच्या साडीत बर्फावर कशी उभी राहते हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. कुणीतरी म्हणाले, "आपणही जायचे बर्फात, घसरायचे स्कीवरून!" आणि चेष्टेचा विषय दोन दिवसांत वहीत उतरला. सरांकडे गेलो तेव्हा त्यांनी एक अट घातली. आधी आल्प्सची सहल कागदावर आखा. कागदावर जायला पैसे पडत नाहीत. तेथील लोक गटाने, कमी खर्चात जायचे ठरवितात तेव्हा ठिकाण कसे निवडतात ते शोधा, आणि मग आपल्या देशातले निवडा.

प्रथम वाटले, सर आम्हाला वाटेला लावीत आहेत. पण त्या अभ्यासाने आमचे डोळे उघडले हे कबूल केले पाहिजे.

आल्प्समध्ये स्कीइंगची गावे शेकड्यांनी आहेत. फ्रान्समधील शामोनी येथे १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हापासून तर या खेळाचा बोलबालाच झाला. परंतु एवढ्या गावांतून निवड करताना शहाणा माणूस चित्रे पाहात नाही. तो आधी गावाची उंची पाहतो. ऑस्ट्रियातील किट्झबुएल हे नामांकित गाव समुद्रसपाटीपासून अवघे सुमारे ७६० मीटरवर आहे, तर फ्रान्समधील व्हाल तोराँस २३०० मीटरवर. थंडी कमी पडली तर खालच्या गावातला बर्फ आधी वितळतो आणि यंत्राने केलेल्या बर्फावर भागवावे लागते. वरच्या गावात बर्फाची खात्री अधिक, पण तेथे राहणे महाग. म्हणून बेताच्या पैशांचे गट खालच्या दरीतल्या साध्या गावात खोल्या घेतात, स्वतः रांधतात आणि सकाळच्या बसने वर जातात.

येथे मला एक शंका आली, आणि वाचकांनाही येईल. किट्झबुएल ७६० मीटरवर, आपले माथेरान सुमारे ८०० मीटरवर. तेथे बर्फ पडतो, मग माथेरानला का नाही? कळसूबाईचे शिखर तर १६४६ मीटर उंच. याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग अक्षांशाचा. किट्झबुएल ४७ अंश उत्तरेस आहे, आपण २० अंशांच्या आसपास. उंची वाढेल तसे दर हजार मीटरला तपमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, पण आपण सुरुवातच एवढ्या उबेपासून करतो की कळसूबाईच्या माथ्यावर पोचूनही गोठणबिंदू दूरच राहतो. दुसरा भाग पावसाचा. आपल्याकडे ढग येतात जून ते सप्टेंबर, म्हणजे उन्हाळ्याच्या पाठीवर. थंडीत आकाश कोरडे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते आणि वर्तमानपत्रात छायाचित्र येते, तेवढीच आपली श्रीमंती. हिमालयाला मात्र हिवाळ्यातही ढग मिळतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ नावाची वादळे इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि काश्मीर, हिमाचल, गढवाल येथे बर्फ टाकतात. ही वादळे जितकी दमदार तितका त्या वर्षीचा बर्फ चांगला. हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण आमची सगळी निवड पुढे याच वाक्यावर येऊन थांबली.

आल्प्सच्या हिशेबातून दुसरी गोष्ट कळली ती खर्चाच्या विभागणीची. स्कीइंगच्या सहलीत पाच ठिकाणी पैसा जातो: प्रवास, राहणे-खाणे, वर नेणाऱ्या पाळण्यांचा पास, भाड्याचे साहित्य आणि शिक्षक. तिकडच्या माणसाला पासाचा भार मोठा वाटतो. आमचे गणित उलटे निघाले. भारतातून निघणाऱ्याला शेंगेन व्हिसासाठीच ९० युरो भरावे लागतात (जून २०२४ पासून हा दर आहे), म्हणजे रुपयांत आठ-नऊ हजारांच्या घरात, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. एवढ्या पैशांत आमच्यातील एकेकाची आख्खी सहल बसवावयाची होती! आल्प्सची वही तेथेच मिटली. मिटताना वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

आता आमच्या पैशांविषयी. पहिल्या बैठकीला आम्ही सतरा जण होतो, दहा मुलगे, सात मुली. डोई खर्च किती धरावा यावर तासभर वाद झाला. चिंचणीत सोन्याच्या दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, कोरणारे कसबी कारागीर आहेत. आमच्यातील एकाचे वडील त्यातलेच. तो म्हणाला, "पंधरा हजार धरू, होऊन जाईल." दोघातिघांनी माना डोलावल्या. बाकीचे गप्प बसले. मीही गप्प बसले. गप्प बसणाऱ्यांना काय म्हणायचे असते ते मला चांगले ठाऊक आहे, कारण शाळेच्या प्रत्येक सहलीच्या वेळी मी असेच गप्प बसून नंतर पोट दुखत असल्याचे सांगितलेले आहे.

तेव्हा तलासरीकडच्या एका मैत्रिणीने तोड सुचविली. ती वसतिगृहात राहून शिकते. म्हणाली, प्रत्येकाने आपल्याला घरून खरोखर किती मिळतील तो आकडा चिठ्ठीवर लिहावा, नाव घालू नये. सतरा चिठ्ठ्या डब्यात पडल्या. सर्वांत मोठा आकडा पंधरा हजार, तो कोणाचा हे सर्वांना कळलेच. सर्वांत लहान तीन हजार. माझी चिठ्ठी चार हजारांची होती. सरासरी काढली तर ती सहा हजारांच्या वर जाई, आणि एकाने तीच धरावी असे सुचविलेही. पण सरासरीचा दोष असा की ती डोके मोजते, पाकीट मोजत नाही. सहा हजार धरले असते तर नऊ जण सहलीतून गळाले असते आणि वहीवर मात्र 'सर्वानुमते' असे लिहिले गेले असते. बऱ्याच वादानंतर ठरले की घरून मागायचे ते तीन हजारच. वरची तूट सर्वांनी मिळून कमवायची. ज्याला जास्त देणे शक्य आहे त्याने ते सामाइक डब्यात टाकावे, आणि कोणी किती टाकले हे विचारायचे नाही.

तीन हजारांची चिठ्ठी कोणाची हे आजतागायत कोणी विचारलेले नाही.

एवढा पाया घातल्यावर आम्ही नकाशा पसरला. भारतात नवशिक्यांना स्कीइंग करता येईल अशी ठिकाणे बोटावर मोजण्याइतकी आहेत. काश्मिरात गुलमर्ग, उत्तराखंडात औली, हिमाचलात मनालीजवळचे सोलंग, ही तीन मुख्य. सिमल्याजवळ कुफ्री आणि सुमारे साठ-पासष्ट किलोमीटरवर नारकंडा आहे, तेथेही हिवाळ्यात स्की बांधतात, परंतु ती ठिकाणे आम्ही लवकर बाजूला केली. तेथे बर्फ पडला तर पडतो, आणि पडला तरी टिकेलच असे नाही.

गुलमर्गविषयी बोलताना मन स्थिर ठेवणे कठीण जाते. सुमारे २६५० मीटरवरचे पठार, भोवती देवदाराची बने आणि माथ्यावर अफरवत. तेथील पाळणा, ज्याला गंडोला म्हणतात, दोन टप्प्यांत जातो. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, कोंगदूरीपर्यंत. दुसरा २००५ साली, तो माणसाला जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. जगभरचे कसलेले स्कीपटू येथे येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. २०२० पासून 'खेलो इंडिया'चे हिवाळी खेळ येथे भरू लागले. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता आरिफ खान, तो गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गचा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थाही येथेच आहे.

डायवाल्या मित्राचे मत गुलमर्गला होते आणि त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. आयुष्यात एकदाच जायचे तर उत्तम ठिकाणी जावे, हे कोणालाही पटेल. पण आम्ही 'उत्तम' या शब्दाची फोड केली. गुलमर्ग उत्तम कशासाठी? अफरवतच्या उभ्या उतारांसाठी. त्या उतारांवर आम्हाला कोणी उभे तरी करील का? २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तेथील वरच्या भागात हिमकडा कोसळून एक परदेशी स्कीपटू मरण पावला. तो तर सरावलेला माणूस. नवशिक्याचे दोन-तीन दिवस पायथ्याच्या सपाटवजा उतारावरच जातात. गावजेवणाच्या पंक्तीत लाडू वाढतात म्हणून पोट बिघडलेल्याने तेथे जाऊन बसावे, तसला हा प्रकार.

प्रवासाचे म्हणाल तर काश्मीर आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलावरून कटरा-श्रीनगर गाडी सुरू झाली. वांद्र्याहून कटऱ्याला स्वराज एक्स्प्रेस जाते. मात्र कटऱ्यापुढची वंदे भारत खुर्च्यांच्या डब्यांची आहे, आणि विद्यार्थ्यांची सवलत, जिच्याविषयी पुढे लिहीत आहे, ती द्वितीय वर्ग व शयनयानापुरतीच असते. श्रीनगरहून गुलमर्ग आणखी पन्नास किलोमीटर. या सर्वांवर एक गोष्ट वहीत बसणारी नव्हती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातील माणसेही गेली. आम्ही तरुण आहोत, आम्ही म्हणू की त्यानंतरही लोक जातातच. पण ज्या आईने मुलीला बोईसरच्या पुढे एकटी कधी पाठविलेली नाही, तिच्यापुढे हा मुद्दा मांडून पाहावा! आमच्या सातांपैकी पाच घरांतून एका शब्दात उत्तर आले.

औलीचे तसे नव्हते. हरिद्वार म्हटल्यावर घरच्यांचे चेहरे उजळले. माझ्या आजीने तर गंगाजलाची बाटली आत्ताच काढून ठेवली. वांद्र्याहून हरिद्वारला थेट गाडी आहे. औलीचे उतार २५०० ते ३००० मीटरच्या दरम्यान, समोर नंदादेवीचे ७८१६ मीटरचे शिखर. गढवाल मंडल विकास निगम तेथे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेते. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळ भरले तेव्हा तेथे कृत्रिम बर्फाची यंत्रेही बसविण्यात आली. निगमाचा वर्ग म्हणजे राहणे, जेवण, साहित्य व शिक्षण एकाच फीमध्ये, ही मोठी सोय.

पण औलीच्या वाटेत तीन खोड्या निघाल्या. पहिली, ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर, सगळा घाट, दिवसभराची बस, आणि रात्रीची वाहतूक धरता येत नाही. म्हणजे जाण्यायेण्यात दोन आख्खे दिवस बसमध्ये. दुसरी, जोशीमठ ते औली हा प्रसिद्ध रज्जुमार्ग. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि हा रज्जुमार्ग बंद करण्यात आला. तो गृहीत धरून आखणी करणे म्हणजे वाळूवर होडी बांधणे. (त्या गावातील शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. आपण तेथे मजेसाठी जाण्याचा हिशेब करीत आहोत, हा विचार आमच्यातील काहींच्या मनात आला आणि बैठकीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.) तिसरी खोडी बर्फाची. २०२३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धा औलीला बर्फ अपुरा म्हणून होऊ शकल्या नाहीत. राष्ट्रीय स्पर्धांना जो बर्फ मिळाला नाही तो चिंचणीच्या सतरा जणांना मिळेल, असे कशावरून?

याच सुमारास तलासरीच्या मैत्रिणीने तो प्रश्न विचारला ज्याने चर्चेची दिशाच बदलली. "आपण गेलो आणि बर्फ नसलाच तर?"

साधा प्रश्न, पण आम्ही सगळे उतारांची तुलना करीत होतो आणि बर्फ असणारच असे धरून चाललो होतो. वास्तविक कोळ्याच्या पोरीला हे आधी सुचावयास हवे होते. होडी दर्यात गेली म्हणजे मासळी घेऊन येतेच असे नाही, हे मी रोज पाहते. मग जुन्या बातम्या धुंडाळल्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गसारखे गुलमर्ग कोरडे ठणठणीत होते, पिवळ्या गवतावर पर्यटक उभे असलेली छायाचित्रे सर्वत्र छापून आली. २०२५ च्या फेब्रुवारीत 'खेलो इंडिया'च्या तेथील स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. पश्चिमी विक्षोभ उशिरा आले की असे होते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो पुढच्या वर्षी पुन्हा जाईल. आमच्यापैकी बहुतेकांना दुसरी खेप नाही. तेव्हा आमची निवड 'सर्वांत चांगला उतार कुठे' ही नसून 'एका ठिकाणी बर्फ नसला तर तासा-दोन तासांत दुसऱ्या ठिकाणी कुठे पोचता येईल' ही होती.

या प्रश्नाला सोलंगपाशी उत्तर मिळाले. सोलंग मनालीहून तेरा-चौदा किलोमीटर, उंची सुमारे २५०० मीटर. गुलमर्गपुढे त्याचे उतार किरकोळ आहेत हे मान्यच. पण ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या पोटातून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीचे भाग्य पालटले. पूर्वी हिवाळ्यात बंद असणारे लाहूलचे खोरे आता सोलंगपासून थोड्या अंतरावर आले. तिकडचे सिस्सू हे गाव ३१०० मीटरच्या आसपास आहे. सोलंगला जमीन उघडी पडली तरी तिकडे बर्फ सापडण्याची आशा असते. अर्थात यालाही मर्यादा आहेत. जोराचा बर्फ झाला की बोगद्याकडे साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच सोडतात. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत लाहूलमधील लोकांचे देवाचे सण असतात. त्या दिवसांत काही गावे पर्यटनाचे व्यवहार बंद ठेवतात. कोणाच्या गावी देव बसलेले असताना आपण धिंगाणा घालणे शोभत नाही. आपल्या महालक्ष्मीच्या जत्रेत बाहेरच्यांनी येऊन तसे केले तर आपल्याला कसे वाटेल? म्हणून आधी विचारून मगच त्या बाजूला जायचे ठरले.

मनालीला १९६१ साली स्थापन झालेली, आज अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव असलेली गिर्यारोहण संस्था आहे. ती हिवाळ्यात सोलंगला स्कीइंगचे वर्ग घेते. ज्याला हा खेळ खरोखर शिकावयाचा आहे त्याने गावे निवडीत बसू नये, अशा संस्थेचा वर्ग निवडावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शिस्त असते, साहित्य मिळते, राहण्याची काळजी नसते. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर, जिने २०१८ साली तुर्कस्तानात भारताला स्कीइंगमधले पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळवून दिले, ती याच उतारांवर वाढली. मात्र संस्थेचा वर्ग दोन आठवड्यांचा असतो. एवढी गैरहजेरी आमच्या चौथ्या सत्राला झेपणार नाही, आणि ज्यांची मुले घरच्या कामात हात लावतात त्या घरांनाही नाही. त्यामुळे आम्ही दोन दिवसांच्या भाड्याच्या साहित्यावर आणि स्थानिक शिक्षकावर समाधान मानले.

दोन दिवसांत काय येते? फारसे नाही, पण अगदीच थोडेही नाही. स्कीच्या फळ्या बुटांना बांधलेल्या असतात, पडल्यावर त्या आपोआप सुटाव्यात अशी खटकी असते. पहिला धडा पडण्याचा, दुसरा उठण्याचा. तिसरा धडा नांगराचा: दोन्ही फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची फाकवलेली ठेवली की कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. हे जमले की नवशिक्या सौम्य उतारावरून आपल्या मर्जीने थांबू शकतो. फळी घसरते ती घर्षणाने तिच्याखाली पाण्याचा पातळ थर होतो म्हणून. हा मुद्दा मी आईला समजावला तेव्हा ती म्हणाली की लादी टेम्पोतून उतरवताना हातातून निसटते ती त्यामुळेच. मला वाटते, आमच्या भूगोलाच्या सरांनीही एवढे सोपे सांगितले नसते.

आता रेल्वेची गोष्ट, कारण आमची सहल खऱ्या अर्थाने शक्य झाली ती येथे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती थांबविल्या, पण विद्यार्थ्यांची चालू ठेवली. घरी जाण्यासाठी आणि शैक्षणिक सहलीसाठी द्वितीय वर्ग व शयनयानात निम्मे भाडे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पंचाहत्तर टक्के सूट. आमच्या सतरांत सहा जण आदिवासी आहेत. सुटीच्या अर्जावर प्राचार्यांची सही व शिक्का लागतो, आणि अर्थात सहल खरोखरच शैक्षणिक असावी लागते. आम्ही सरांकडे गेलो. वाटले होते, सर लगेच लिहून देतील. त्यांनी साफ नकार दिला. "मौजेच्या सहलीला अभ्यासाचे नाव देणार नाही," असे म्हणाले. त्या दिवशी आम्ही त्यांच्यावर फार रागावलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मार्ग सांगितला. मग सहलीला नाव देऊ नका, अभ्यासच घाला. बियास नदीचे खोरे, हिमनदीने कोरलेली दरी आणि नदीने कोरलेली दरी यांतील फरक, जुलै २०२३ च्या पुरात कुलू-मनालीचा रस्ता वाहून गेला त्याच्या खुणा, बर्फाची खोली व तपमान यांची नोंद. प्रत्येकाने परत आल्यावर वीस पाने लिहावयाची. सर स्वतः येणार आणि बाईही, त्यामुळे मुलींच्या घरचा प्रश्नही बराचसा सुटला. माझ्या वडिलांनी फक्त एवढेच विचारले की बाई रात्री मुलींच्याच खोलीत झोपतील ना. झोपतील असे बाईंनी स्वतः घरी येऊन सांगितले, आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला. आमच्या घरी महाविद्यालयातून कोणी येण्याची ही पहिलीच वेळ.

मार्ग असा ठरला. चिंचणीहून एस. टी.ने बोईसर, लोकलने बोरिवली, तेथून अंबाल्यावरून जाणारी पश्चिम एक्स्प्रेस. एक दिवस आणि वर काही तास. अंबाल्याहून चंदीगड व तेथून मनालीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर हिमाचलच्या साध्या बसने, रात्रीचा प्रवास, म्हणजे एका रात्रीचे भाडे वाचते. मनालीला बाजारापासून दूर, मोठ्या खोल्यांत अंथरुणे घालून राहावयाचे. पीठ, तांदूळ, सुके बोंबील बरोबर. बर्फातले जाड कोट व बूट तेथे भाड्याने मिळतात, पण आतले गरम कपडे आपलेच लागतात, आणि चिंचणीत कोणाकडे थर्मल असणार? सरांच्या ओळखीने आणि आजी-माजी विद्यार्थ्यांकडून स्वेटरे गोळा केली. एका बाजूने विटलेला लाल स्वेटर माझ्या वाट्याला आला आहे. सामाइक डब्यासाठी दिवाळीत आकाशकंदील करून विकले, आणि दोन रविवार वाणगावच्या एका चिकूवाडीत फळे वेचून पेट्या भरल्या. डायवाला मित्र सर्वांत जास्त पेट्या भरणारा निघाला. गुलमर्गचे त्याच्या मनातून गेलेले नाही, त्याने ते पेटीच्या झाकणावर खडूने लिहूनही ठेवले होते.

काय काय सोडले तेही सांगते. सोलंगचा पाळणा सोडला, कारण वर जाऊन खाली पाहण्यासाठी तेवढे पैसे देण्यापेक्षा दुसऱ्या दिवसाचा शिक्षक परवडतो. वाटेतले सिमला सोडले. हॉटेलातले जेवण एका दिवसापुरते ठेवले. परतीला दिल्लीत थांबून लाल किल्ला पाहावा असे फार जणांना वाटत होते, तेही सोडले.

सतरांतले दोघे गळाले. एकाच्या बहिणीचे लग्न त्याच आठवड्यात निघाले, दुसऱ्याला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि पहिल्या महिन्यात रजा मिळत नाही. पैशांपायी मात्र अजून कोणी गळालेले नाही. 'अजून' हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे, कारण फेब्रुवारीला दोन महिने आहेत आणि तोवर कोणाची होडी किती दिवस रिकामी येईल, कोणाच्या घरी आजारपण निघेल, हे सांगता येत नाही. डब्यात थोडे पैसे त्यासाठी वेगळे ठेवले आहेत.

हा लेख संपादकांच्या हाती देते आहे तो डिसेंबरचा दुसरा आठवडा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, सकाळी आठ वाजता. एका तिकिटावर सहाच नावे बसतात, म्हणजे आमच्या पंधरा नावांसाठी तीन अर्ज आणि सर व बाईंचा चौथा. सवलतीचे फॉर्म, प्राचार्यांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती असा गठ्ठा माझ्याकडे दिलेला आहे. तो मी मासळीच्या पाटीपासून लांब, वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे. उद्या पहाटेची पहिली एस. टी. धरून आम्ही चौघे बोईसरच्या खिडकीवर रांगेत उभे राहणार आहोत. आईने सांगून ठेवले आहे की जाण्याआधी लादी फोडून जायचे.